घंगाळावरचे ठोके

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचे घंगाळ तुझ्या घरी सुखरूप पोहोचले हे वाचून बरे वाटले. त्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या रांगा यंत्राने उमटवल्या आहेत का, असे तू विचारले आहेस. नाही. याला मठारकाम म्हणतात आणि त्यातला प्रत्येक ठोका तुझ्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या हातचा आहे. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की ताठर होतो, तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो, आणि आकार पुरा झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने रांगेरांगेने ठोके दिले की भांड्याला झळाळी आणि बळकटी दोन्ही येतात. एक ठोका तिरका पडला तरी तो कायमचा दिसतो. अण्णांच्या कामात मी तसा ठोका पाहिला नाही.

पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांची वस्ती म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी. तिथे आमचे घर होते. खाली कारखाना आणि वर दोन खोल्या. १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा पहिल्यांदा झाली, त्या पहिल्याच तुकडीत मी होते. त्या वर्षी मी संध्याकाळी अभ्यासाला बसले की खालचे ठोके थांबत, आणि अण्णांना काम कमी मिळते आहे असे वाटून मला काळजी लागे. खरे कारण मला ते गेल्यानंतर त्यांच्या हाताखालच्या एका कारागिराने सांगितले. ठोकण्याचे सारे काम ते मी शाळेत असताना उरकत, त्यासाठी दुपारी जेवायलाही वर येत नसत, आणि पत्रा कापणे, तापवणे, चिंचेच्या पाण्याने भांडी उजळणे ही बिनआवाजाची कामे संध्याकाळसाठी राखून ठेवत. मला मात्र त्यांनी याबद्दल कधी एक शब्दही सांगितला नाही. मीही कधी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे स्टीलची भांडी आली, गीझर आले, बंबांची मागणी ओसरली. अण्णांनी हातोडी सोडली नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तू मोठ्याने बोलायचीस ते तुला आठवत असेल. त्यांचे कान म्हातारपणामुळे नव्हे, या ठोक्यांमुळे पन्नाशीतच गेले होते. हे घंगाळ त्यांनी तुझ्या जन्मानंतर, तुला न्हाऊ घालण्यासाठी घडवले. पत्रा ऐरणीवर नीट टेकला आहे की नाही हे तांबट ठोक्याच्या नादावरून ओळखतो. अण्णांना तो नाद तेव्हा ऐकू येत नव्हता, म्हणून ते डाव्या हाताची बोटे पत्र्याला लावून ठेवत आणि मगच पुढचा ठोका देत.

घंगाळ तारेच्या घासणीने घासू नकोस. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी पुरे. तळाच्या मध्यापासून सुरुवात कर आणि रांगेरांगेने काठाकडे ये. अण्णा तसेच घासत.

तुझी आई