रविवारची आठवण: ख्रिसमस ट्रीची सजावट

मंडळी, रविवारी दुपारी ३ ला मिरजेत नेहमीच्या हॉलवर सगळ्यांनी यायचंय, ट्रीवर लावायच्या वस्तू यंदा हातानी करतोय आणि प्रत्येकात आपापल्या घरची आठवण घालायचीय. आजीच्या जुन्या साडीचा काठ, आजोबांच्या शर्टाचं बटण, बाळाचा पहिला मोजा काहीही आणा, पारदर्शक प्लास्टिकचे बॉल आपण घेतोय त्यात ते मावतं. फोटो असेल तर ओरिजिनल अजिबात कापू नका प्लीज, झेरॉक्सच आणा, इंकजेट प्रिंट नको, गोंद लागला की शाई पसरते.

लहानांच्या हाताचे ठसे मिठाच्या पिठात घेणार, २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, साधारण १ वाटी पाणी थोडं थोडं घालत. चिमूटभर हळद टाकली की रंग मस्त येतो, सांगलीत हळदीला काय तोटा! दोऱ्याचं भोक ओलं असतानाच पाडायचं, नंतर तडकतं. १२० डिग्रीला २-३ तास ओव्हन, मग व्हार्निश, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून मऊ पडतं. घरी कुत्रा असेल तर उंचावर लावा, एवढं मीठ त्याला बाधतं.

यावर्षी ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनी तर नक्की या, मागे नाव आणि साल लिहूया. कोण कोण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका, त्या हिशोबानं मैदा आणायचाय.