चिऊ, रात्रीच्या फोनवरून

चिऊ,

रात्री तू फोन कट केलास त्यानंतर मी बराच वेळ गॅलरीत बसलो होतो. आई म्हणाली मेसेज करून टाका, नाहीतर झोप यायची नाही तुम्हाला, पण मेसेजमध्ये माझं बोलणं कायम उलटंच पोचतं म्हणून हे लांबलचक लिहितोय, तुला सवड होईल तेव्हा वाच. आधी कबूल करतो, "जमत नसेल तर दे सोडून" हे मी बोलायला नको होतं. तुला जमत नाहीये असं मला वाटलंच नव्हतं गं. राग तुझ्या नव्या नोकरीतल्या त्या दुकानवाल्यांचा आला होता. एक व्हिडिओ दाखवला, चार कागदांवर सह्या घेतल्या, दीड तास कुणाच्या तरी शेजारी उभं केलं आणि संध्याकाळी ऐन गर्दीत बिलिंगला बसवलं, याला ट्रेनिंग म्हणतात? आणि "समजलं का सगळं" असं कुणी विचारलं असेल तर तू मान हलवली असणार. हो हो, समजलं. शिवणमशीनच्या वेळी काय झालं होतं आठवतंय ना.

असो, लेक्चर देणार नाही असं ठरवून बसलोय.

एकच विचारतो. शिफ्ट सुरू होताना गल्ला तुझ्याकडे देतात तेव्हा आतले पैसे तू स्वतः मोजून घेतेस का? तू बोलता बोलता म्हणालीस की तुझा आयडी अजून आला नाही म्हणून एका सिनियरच्याच लॉगिनवर बसतेस, तिथे माझं डोकं फिरलं, पुढचं मी नीट ऐकलंच नाही. मशीनला चेहरा कळत नाही, लॉगिन कळतं. कुठलं बिल रद्द झालं, ड्रॉवर कितीदा उघडला, सगळं त्या एका नावावर लिहिलं जातं, आणि रात्री पैसे कमी भरले की एकाच लॉगिनवर बसलेल्या दोघींपैकी कुणाकडे बघणार? जी नवी आहे तिच्याकडे. म्हणून मोजून घे. मागे माणसं खोळंबली असली तरी मोज, आणि जो देतोय त्याच्यासमोर मोज. स्वतःचा आयडी रोज माग, चार वेळा मागितलास तर कुणी खात नाही.

झालं, हे एवढंच होतं. आता बाकीचं.

बारकोड स्कॅन झाला नाही की घाम फुटतो म्हणालीस ना, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खाली छापलेले आकडे हाताने टाकायचे. बऱ्याच मालावर १३ असतात आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या १२ वरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे टाकताना एखादा आकडा चुकला तर मशीन घेतच नाही, भलत्याच वस्तूचं बिल होत नाही. (दुकानात पहिल्यांदा बारकोड स्कॅन झाला तो १९७४ च्या जूनमध्ये, अमेरिकेत, च्युइंगगमच्या पाकिटावरचा. माहितीये, तुला नाही ऐकायचं.) आमच्या वेळी भाव पाठ करायला लागायचे आणि मी झोपेत बडबडायचो असं आजी सांगायची.

गिऱ्हाईक काही विचारतं आणि तुला उत्तर माहीत नसतं, तेव्हा "माहीत नाही" म्हणून गप्प बसू नकोस आणि मनाने काही ठोकून पण देऊ नकोस. "मी नवीन आहे, एक मिनिट, विचारून सांगते" म्हणायचं. बहुतेक माणसं थांबतात. जी थांबत नाहीत ती जुन्या माणसावरपण ओरडतातच, ते स्वतःला लावून घ्यायचं नाही. परत आलेल्या मालाचं काय करायचं, बिल कोण रद्द करू शकतं, कार्ड मशीन अडकलं तर कुणाला हाक मारायची, ही तीन उत्तरं गर्दी नसताना विचारून घे आणि एका छोट्या वहीत लिही. खिशात मावेल अशी वही हवी, मोबाइलमध्ये नको, काउंटरवर मोबाइल काढलास की लोकांना वाटतं चॅटिंग चाललंय. आणि ज्या दिवशी जे चुकलं ते त्या दिवशी लिही. दुसऱ्या आठवड्यात तुझी तुलाच कळेल की रोज त्याच चारपाच गोष्टींना अडतेय, बाकी सगळं आपोआप यायला लागलंय.

माल लावायला सांगितला तर जुनी तारीख पुढे, नवी मागे. खोका उचलताना गुडघ्यातून वाक, कमरेतून नको, तुझी कंबर तुझ्या आत्यावर गेलीये. ते पातळ तळव्याचे बूट घालू नकोस, छान दिसतात पण आठ तास उभं राहायला नाहीत ते.

आता नोटांचं. गिऱ्हाइकाने मोठी नोट दिली की ती लगेच खणात टाकायची नाही, ड्रॉवरवर आडवी ठेवायची, सुट्टे मोजून त्याच्या हातात दिले की मगच आत. म्हणजे "मी मोठी दिली होती" असा वाद झालाच तर नोट समोर असते. आणि कुणी मधेच म्हणालं की थांबा, ती नोट परत द्या, मी सुट्टे देतो, नाही नाही असं करा मला दोन छोट्या द्या, तर हात थांबव. आधीचं पुरं कर, ड्रॉवर बंद कर, मग दुसरं. घाईत बोलणारा माणूस गोड बोलत असेल तर जास्तच थांब.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी एकोणीसचा होतो, कामावरचा पाचवा दिवस. चांगले कपडे, हसतमुख माणूस, माझं अक्षर चांगलं आहे म्हणाला. तीनदा नोटा इकडून तिकडे झाल्या आणि तो गेला तेव्हा मी उलट त्याला थँक्यू म्हणालो. रात्री हिशोब लागेना. मालकाने आवाजसुद्धा चढवला नाही, वही माझ्यापुढे सरकवली आणि "तूट" असं माझ्याच हाताने लिहायला लावलं. अक्षर चांगलं होतं ना. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा, तीन महिने कापून घेतला. घरी मी सांगितलं की ट्रेनिंगमध्ये पगार कमी असतो, आणि कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही. दुपारी गोदामात पोत्यांवर बसून मी तो प्रसंग परत परत बोटांवर करून बघायचो, कुठली नोट कधी गेली, आणि मला आजतागायत ती जागा सापडलेली नाही. चोरी केली नव्हती मी, तरी सहा महिने मालक आत आला की माझा हात गल्ल्यावरून आपोआप बाजूला व्हायचा.

तर काल तू म्हणालीस की थोडे पैसे कमी आले, मी माझ्याकडचे घातले, झालं. तू हसत म्हणालीस. मी ओरडलो ते त्यामुळे. पैशांसाठी नाही. घालू नकोस चिऊ, स्वतःचे घालू नकोस, कमी आले तर कमी आले असं लिहून दे, ज्याच्याकडे द्यायचं त्याच्याकडे, तारखेसकट. जास्त आले तरी लिही. एकदा खिशातून भरलेस की पुढच्या वेळी तुझ्याकडूनच येणार असं सगळे धरून चालतात, आणि तुझी खरंच चूक होती की कुणी दुसऱ्याने ड्रॉवर उघडला होता हे कधीच कळत नाही. बघ, परत तिथेच आलो. सॉरी.

तू पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्या आजोबांना पिन टाकायला मदत केलीस आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिलीस, ते आईने मला सांगितलं. व्हिडिओत नव्हतं ते, बरोबर? मी ऑफिसात तिघांना सांगितलं. दादा म्हणाला बाबा, बास आता.

पाय दुखत असतील तर रात्री कोमट पाण्यात ठेव. फोन मी करत नाही, तूच कर, शिफ्ट संपल्यावर, कितीही वाजोत. मी फक्त "मोजलेस का" एवढंच विचारीन. किंवा नाही विचारणार, तू आपणहून सांग.

आणि त्या तीन महिन्यांचं आईला अजून माहीत नाही. आता तू म्हणशील बाबा, मला लिहून द्यायला सांगता आणि स्वतः? रविवारी सांगीन म्हणतो.

बाबा