वाघ मोजले, नाती कोण पाहणार?

महोदय,

व्याघ्रगणनेचे आकडे आले की पहिल्या पानावर झळकतात. ते वाघ एकमेकांचे किती जवळचे नातलग आहेत, हे मात्र त्यात नसते. बेंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांनी अनेक वर्षे हाच प्रश्न लावून धरला आहे. वाघाला हात न लावता विष्ठेतून, केसांतून डीएनए मिळवायचा; काम किचकट आणि गाजावाजा नसलेले.

ओडिशातील सिमिलीपालच्या काळपट वाघांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, त्या रंगामागचे कारण कितीजणांनी वाचले? एका जनुकातील एकाच बदलामुळे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात, हे रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले. तपासलेल्या इतर जंगलांतल्या वाघांत हा बदल सापडला नाही. सिमिलीपालचे वाघ थोडे आणि इतरांपासून तुटलेले, म्हणून तो तिथे पसरला. म्हणजे हा रंग शोभा नव्हे, तुटलेपणाची खूण; अशा वाघांच्या खास सफारीची हौस त्यामुळेच खटकते.

रस्त्यांमुळे वाघ असे तुटू नयेत म्हणून आपल्याकडे पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांना वाट ठेवली आहे, वाघ ती वापरतातही. नव्या रस्त्यांच्या आखणीतच जनुकशास्त्रज्ञांना बोलवावे. डांबर पडल्यावर अहवाल मागवून काय उपयोग?

– एक वाचक