बाबू, तो लाल टाय परत कर

स्विंडन, रविवार रात्र

बाबू,

लग्नाला घालायच्या टायचे तुझे तिन्ही फोटो बघितले, दोनदा बघितले, भाऊजींना पण दाखवले, ते म्हणाले चांगला दिसतोय की, पण त्यांचं ऐकू नकोस, ते स्वतःच्या लग्नात चॉकलेटी कोटावर काळे बूट घालून उभे होते. फोनवर सांगणार होते पण इथे मी दुकानातून सुटते तोवर तिकडे तुमचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि आई मध्येच फोन घेऊन जेवलीस का विचारते की विषय संपला. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस, आणि आईला वाचून दाखव, कारण अर्धं पत्र तिच्यासाठी आहे.

तर पहिलं. लाल टाय परत करून ये. बिल फाडलं असशील तर कोणाला तरी देऊन टाक पण गोव्यात हळदोण्याच्या चर्चमध्ये लग्नाला तो घालून जाऊ नकोस. लाल रंगाचं वाकडं नाही रे, लाल चालतो, पण हा सॅटिनचा चमचम लाल आहे, तुझ्या फिकट लॅव्हेंडर शर्टावर तो टाय आधी चालत येतो आणि मागून तू येतोस. दुसरा फोटो तो बॉक्सवाला, शर्ट-टाय-रुमाल एकाच कापडातले, तो तर नकोच नको. शर्टाच्याच रंगाचा टाय म्हणजे लांबून टाय दिसतच नाही, गळ्याखाली नुसता फुगवटा दिसतो. आमच्या दुकानात (भाड्याने सूट देतो ना आम्ही, लग्नाला, फ्युनरलला, शाळेच्या पार्टीला) नवीन पोरं आली की पहिली चूक हीच करतात, निळ्या शर्टाला तस्साच निळा टाय काढून देतात आणि मॅचिंग केलं म्हणून खूश.

मी पण तेच करायचे पहिल्या महिन्यात. मग एकदा एक गिऱ्हाईक फिकट निळा शर्ट घालून आलं आणि मी टायच्या ड्रॉवरसमोर गप्प उभी, आणि एकदम मला आई आठवली म्हापशाच्या मॅचिंग सेंटरमध्ये. तुला आठवतं का, तू लहान होतास, शुक्रवारच्या बाजाराला गेलो की तुला हातात चणे देऊन बाकावर बसवायचे. ती साडी उलगडून ब्लाउजपीसचे तागे बघायची आणि दुकानदार साडीच्या रंगाचाच पीस पुढे करायचा आणि आई म्हणायची, "अंगाचो रंग नको, काठाचो दाखय." बस्स. तेवढंच आहे सगळं. टाय अंगाच्या रंगाचा घ्यायचा नाही, काठाचा घ्यायचा. शर्ट म्हणजे साडीचं अंग, टाय म्हणजे काठ, आणि काठ बहुतेक अंगापेक्षा गडद असतो. मी त्या गिऱ्हाइकाला डाळिंबी टाय काढून दिला, माणूस एकदम खुलला. त्या दिवसापासून दुकानात सगळे मला विचारतात, त्यांना काय माहीत हे ज्ञान म्हापशाचं आहे.

आता तुझं. सूट नेव्ही ब्लू, चांगला शिवलाय हां, खांदे बरोबर बसलेत, टेरीवूल आहे का? जानेवारीतली संध्याकाळ म्हणजे चालेल, पण चर्चमधून हॉलवर जाईपर्यंत कोट काढून हातावर घे, नाहीतर घामाने शर्ट आधी मान टाकेल. शर्ट फिकट लॅव्हेंडर. तर टाय शर्टापेक्षा गडद हवा हे पहिलं, आणि सुटाशी नाहीतर शर्टाशी त्याचं काहीतरी नातं हवं हे दुसरं. म्हणजे एकतर नेव्हीच टाय आणि त्यावर बारीक लॅव्हेंडर नाहीतर पांढरे ठिपके, हा तुझा तिसरा फोटो, तिन्हींत बरा तोच. नाहीतर पिकलेल्या जांभळाचा गर्द रंग, नाहीतर वांगी कलर, शर्टाच्याच घराण्यातला पण वडीलधारा. तिसरा गंमतीचा: बॉटल ग्रीन. हसू नकोस. आईची ती जांभळी पैठणी आठव, हिरव्या काठाची, कोणी म्हटलंय का कधी की वाईट दिसते? जांभळ्यासमोर पिवळा पण शोभतो, तो उलट्या बाजूचा रंग, पण मग जुन्या सोन्यासारखा मळकट पिवळा, हळदीचा नव्हे, आणि तुला पहिल्याच सुटात तो झेपायचा नाही.

वाईन कलर मात्र मुद्दाम टाळ. एरवी नेव्हीवर वाईनसारखं दुसरं काही नाही, मी डोळे मिटून तोच सांगितला असता, पण तूच म्हणालास की ब्राइड्समेडचे गाउन वाईन आहेत. म्हणजे बेस्टमनचे टाय वाईन असणार, गोव्यातल्या लग्नात ते ठरलेलं असतं. तू पण वाईन घालून गेलास की ग्रँड मार्चच्या वेळी, म्हणजे हॉलवर जोड्याजोड्यांनी रांगेत चालतात तेव्हा, कोणीतरी तुला ओढून रांगेत उभं करील आणि तुझ्याबरोबर नाचायला ब्राइड्समेड शिल्लक नसेल. काळा पण नको. इथे सुटावर प्लेन काळा टाय म्हणजे फ्युनरल, आणि गोव्यातल्या ख्रिश्चनांत पण काळा दुखवट्याचा, नवऱ्यामुलाची आजी बघून दचकायला नको.

पट्ट्यापट्ट्यांचा घ्यावासा वाटला तर घे, तिकडे काही प्रॉब्लेम नाही, पण इथे माझी काय फजिती झालेली ती सांगते. चॅरिटी शॉपमधून मी भाऊजींना एक टाय आणला, नेव्हीवर तिरके लाल पट्टे, सिल्क, नवाकोरा. शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात ते तो घालून गेले, तर एक म्हातारे गृहस्थ छाती काढून समोर आले, हात मिळवला आणि विचारलं, कुठल्या वर्षी होता रेजिमेंटमध्ये? भाऊजी म्हणाले, वेअरहाऊसमध्ये आहे. इथे असे पट्टे पलटणींचे असतात, शाळांचे असतात, क्लबांचे असतात, आपला नसलेला घालायचा नाही, हे मला दुकानात लागल्यावर कळलं. इंग्रजी पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उजवीकडे उतरतात, अमेरिकन दुकानांनी ते उलटे फिरवले, त्यामुळे उलटे असले की कोणी पलटण विचारत नाही. तो टाय अजून कपाटात आहे, भाऊजी त्याला "साहेबांचा टाय" म्हणतात.

डिझाइनचं एक सांगायचं राहिलं. तुझा शर्ट प्लेन आहे म्हणून ठिपके चालतील. उद्या चौकटीचा शर्ट घेतलास तर टाय प्लेन घे, आणि दोन्हींवर डिझाइन हवीच असेल तर एक बारीक एक मोठी, दोन्ही सारख्याच मापाच्या झाल्या की बघणाऱ्याचे डोळे गरगरतात.

आता रुंदी. तुझ्या कोटाची छातीवर दुमडलेली पट्टी सर्वात रुंद जिथे आहे तिथे मोज, साधारण तेवढाच टाय रुंद हवा. फोटोवरून मला ती ८ सेंटीमीटर वाटतेय. ५ सेंटीमीटरचा बारका टाय त्यावर शाळेच्या ओळखपत्राच्या नाडीसारखा लोंबेल. आणि दुकानात घेताना टाय बारक्या टोकाने धरून हवेत लटकव. सरळ लोंबला तर कापड बरोबर ४५ अंशांत तिरकं कापलेलं आहे, गरगर फिरला तर ठेव परत. तिरक्या कापामुळेच टाय ताणला जातो आणि गाठ सोडल्यावर परत आकारात येतो. मागच्या शिवणीत एक ढिला दोरा दिसेल तो तोडू नकोस! तो तसाच ठेवतात, टायला हलायला जागा मिळावी म्हणून. तू लहानपणी स्वेटरचा दोरा ओढून बाही घालवलेली आहेस म्हणून सांगतेय.

गाठ. तुला येत नाही हे मला माहितेय कारण शाळेत आपल्याला इलॅस्टिकवाले तयार टाय होते. केंब्रिजच्या दोन फिजिक्सवाल्यांनी १९९९ साली गणित मांडून टाय बांधायच्या ८५ तऱ्हा काढल्या, तुला एक पुरे. रुंद टोक उजवीकडे, बारक्यापेक्षा वीतभर लांब ठेव. रुंद टोक बारक्याच्या वरून ने, खालून परत आण, पुन्हा वरून, मग गळ्याखालून वर काढ आणि पुढे जो पट्टा झालाय त्याच्यातून खाली ओव. हळूहळू वर सरकव, आवळता आवळता गाठीखाली बोटाने एक खळी पाड, खळी पडली की टाय जिवंत दिसतो. टोक पट्ट्याच्या बक्कलला टेकलं पाहिजे, पोटावर संपला तर परत बांध. पहिल्या दिवशी मला सात वेळा सोडायला लागलेला, त्यात बारक्या टोकाकडून उपसून काढायचा नाही, जसा बांधला तसा उलटा सोडायचा. गाठ थोडी वाकडी येते, ती तशीच असते, सरळ करत बसू नकोस. आणि खिशातला रुमाल टायच्या कापडाचा नको, साधा पांढरा.

आणि मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. हा तिसरा ठिपक्यांचा टाय तू संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पणजीत अठरा जून रस्त्यावर घेतलास ना, दुकानातल्या लाईटखाली? कपड्याचे रंग लाईट बदलला की बदलतात, दोन कापडं ट्यूबलाइटखाली एकदम जमतात आणि बाहेर उन्हात आणली की एक तांबूस मारतं एक राखाडी, कारण दोन्हींचे डाय वेगळे असतात. लॅव्हेंडर तर त्यात महालबाड, पिवळ्या बल्बखाली तो मळका गुलाबी दिसतो. आई काय म्हणायची? "कापड उजेडात बघूचा." दुकानदार कितीही कुरकुरला तरी ती तागा घेऊन पायरीवर यायची. म्हणून शनिवारी आईला घेऊन जा. सूट आणि शर्ट पिशवीत घाल, बांद्याहून म्हापशाला जाणारी सकाळची कदंबाची बस पकड, बारा वाजता डोक्यावर लख्ख ऊन असतं तेव्हा दुकानाच्या दारात सूट, शर्ट, टाय तिन्ही एकत्र धर, आणि आई काय म्हणते ते कर. ती म्हणेल माका काय कळता टायातला. मी सांगतेय तिला सगळ्यात जास्त कळतं. तिच्याच वडिलांचा लायसियममधला, म्हणजे पोर्तुगीज शाळेतला, फोटो आहे ना डिचोलीला, कोट, टाय, केस तेल लावून चप्प. आजोबा टायला शेवटपर्यंत ग्रावात म्हणायचे, पोर्तुगीजमधला ग्रावाता. मला इथे दुकानात कळलं की तो शब्द क्रोएशियन लोकांवरून आलाय, सतराव्या शतकात त्यांचे सैनिक फ्रान्समध्ये गळ्याला फडकी बांधून आले आणि ती फ्रेंचांना आवडली. आजोबांना सांगायला हवं होतं, खूश झाले असते, मग तासभर पोर्तुगीजमधून काहीतरी ऐकवलं असतं.

आई, तू ऐकतेयस ना? तो फोटो काळा-पांढरा आहे त्यामुळे आजोबांचा टाय कुठल्या रंगाचा होता ते कोणालाच माहीत नाही, तुला आजीने कधी सांगितलं होतं का? मला लहानपणापासून तो हिरवा वाटतो, का कोण जाणे. आणि गुडघ्याचं तेल संपलं असेल तर ह्याला म्हापशातूनच आणायला सांग, शनिवारी जाताच आहात. बाबांना नमस्कार.

बाबू, टाय घेतलास की फोटो पाठव, अंगणात तुळशीसमोर उभा राहून, दिवसा, फिल्टर न लावता. आईला काढायला सांग, तुझं डोकं कापलं गेलं तरी चालेल, मला गळा बघायचाय.

तुझी ताई