मुदत ठेव मोडू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही. साताऱ्यातल्या तुमच्या शाखेत 4,20,000 रुपयांची मुदत ठेव मोडायला आलेला निवृत्त शिक्षक तो मीच.

"काका, पैसे कुणाला पाठवताय?" एवढंच तुम्ही विचारलंत, आणि मी आवाज चढवला. माझे पैसे आहेत, क्रिप्टोसाठी पाठवतोय, तुम्हाला काय करायचंय, असं सगळ्यांसमोर बोललो. त्याची मनापासून माफी मागतो. तुम्ही रागावला नाहीत. आरटीजीएसचा फॉर्म माझ्याकडे वळवलात आणि खातेदाराच्या नावावर बोट ठेवलंत. परराज्यातल्या कुठल्याशा टेक्स्टाइल्सचं करंट खातं. "क्रिप्टोचे पैसे कापडवाल्याच्या खात्यात कशाला, काका?" मला उत्तर देता आलं नाही.

मग आत बसवून चहा मागवलात, तेव्हा सगळं सांगितलं. टेलिग्रामवरचा ग्रुप, रोज सकाळी कोणतं कॉइन घ्यायचं ते सांगणारे 'सर', त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून घेतलेलं ॲप. आधी 5,000 टाकले, आठवड्यात 6,200 खात्यात परत आले. तिथेच विश्वास बसला. पुढे तीन वेळा मिळून 1,80,000 गेले. ॲपमध्ये नफा 14 लाख दिसत होता. तो काढायचा तर आधी 30 टक्के कर भरा, असा निरोप होता. क्रिप्टोच्या नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून शंकाच आली नाही. खऱ्या कायद्याचाच गळ लावला होता त्यांनी!

तो कर आपण स्वतः सरकारकडे भरायचा असतो, एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा मंच, विक्रीच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापतं, आपलेच पैसे काढायला आधी पैसे मागणारा चोर असतो, हे तुम्ही मला न लाजवता समजावलंत. एक्स्चेंजची संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का ते आधी बघायचं, हेही तेव्हाच कळलं. गेनबिटकॉइन या बिटकॉइनच्या नावावरच्या घोटाळ्याच्या बातम्या मी पेपरात वाचल्या होत्या. दरमहा 10 टक्क्यांच्या आमिषाला लोक भुलतात कसे, असं तेव्हा वाटलं होतं.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन तुम्हीच लावलात. स्टेटमेंटवरचे तिन्ही व्यवहार पेन्सिलने गोल केलेत आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, मला एकेक करून वाचायला लावलेत. माझा आवाज कापत होता, तुम्ही थांबत होतात. शेवटचा व्यवहार आदल्याच दिवशीचा होता, त्यातले 62,000 गोठवले गेलेत. बाकीचे परत येतील असं मी धरून चाललेलो नाही. ठेवीची पावती मात्र कपाटात आहे.

त्या संध्याकाळी सौ.ला सगळं सांगितलं. तोवर तिला काहीच माहीत नव्हतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येईन, तेव्हा ती सोबत असेल. तिला तुम्हाला भेटायचं आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक