जहाज निघायच्या आधी कागद बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सात माणसांचं. आमच्या गल्लीत हल्ली जो भेटेल तो म्हणतो डायरेक्ट बाहेरून मशीन मागवतोय, इथला डीलर फार लावतो. मीही दीड वर्षापूर्वी तेच केलं, तैवानच्या तायचुंगहून एक सेकंडहँड नाही, चांगला नवा सर्फेस ग्राइंडर (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करायची मशीन) मागवला आणि न्हावा शेव्याला असा अडकलो की डीलरकडून घेतला असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. म्हणून हे पत्र. मागवू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण तयारी माल बुक करायच्या आधी करायची असते, जहाज बंदराला लागल्यावर नाही.

पहिली चूक भाड्याची. पुरवठादाराने रेट दिला सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे मालाची किंमत, इन्शुरन्स आणि इथपर्यंतचं भाडं सगळं धरून, आणि समुद्राचं भाडं जवळपास शून्य. मी खूश! माझा माल एका पेटीपुरता, म्हणजे एलसीएल, इतर दहा जणांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. तिकडे भाडं फुकट दाखवणारा फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक जमवून देणारा एजंट, ते इकडे वसूल करतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डीओ चार्ज, सीएफएस (बंदरावरून आलेला माल ठेवायचं गोदाम) चार्ज, डीस्टफिंग (कंटेनर रिकामा करणं), हँडलिंग, काय काय नावं होती, सगळं मिळून 47,000 रुपये. आता मी एफओबीनेच घेतो, म्हणजे तिकडे जहाजावर चढवेपर्यंत त्याचं, पुढचं भाडं माझं, फॉरवर्डर माझा, आणि बुकिंगच्या आधी इकडचे सगळे चार्ज त्याच्याकडून मेलवर लिहून घेतो. फोनवर नाही, मेलवर.

दुसरी चूक ड्युटीच्या हिशोबाची. साडेसात टक्के बेसिक कस्टम ड्युटी आणि 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) म्हणजे साडेपंचवीस असं मी धरलं होतं. पण बेसिकवर परत 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज लागतो आणि आयजीएसटी या सगळ्या बेरजेवर लागतो. दहा लाखांच्या मालाला 75,000 अधिक 7,500, मग 10,82,500 वर 18 टक्के म्हणजे 1,94,850, एकूण 2,77,350. आयजीएसटीचं क्रेडिट नंतर मिळतं हो, पण पैसे आधी रोख भरावे लागतात, आणि नेमके तेव्हा ते माझ्या करंट अकाउंटला नव्हते. आठ आकडी एचएस कोडसुद्धा (मालाचा कस्टममधला वर्गीकरण नंबर) पुरवठादाराने इन्व्हॉइसवर टाकलाय म्हणून तोच धरू नका, सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला, कॅटलॉग दाखवून ठरवा, त्यावरच दर ठरतो आणि मालाला बीआयएस (भारतीय मानकाचं प्रमाणपत्र) लागतं की नाही तेही.

पण खरा घोळ झाला बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती. आमचं नाव जीएसटीत आणि आयईसीत (आयात-निर्यातीचा कोड) 'इंडस्ट्रीज' आहे आणि तिकडच्या बाईंनी जुन्या कोटेशनवरून 'एंटरप्रायजेस' टाकलं. ड्राफ्ट बीएल मला मेलवर आला होता, मी चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये बसून मोबाईलवर बघितला आणि ओके लिहून पाठवला. एवढंच. जहाज निघाल्यावर ते नाव बदलायचं म्हणजे तिकडून पत्र, इकडे मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरच्या मालाची यादी) अमेंडमेंट, त्याची फी, आणि तोवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचं आयातीचं कागदपत्र, अडकलेली. ती जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते, आणि आदला दिवस रविवार असला तरी सूट नाही! उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 लेट फी. उलट 30 दिवस आधीही भरता येते, म्हणजे कागद बरोबर असतील तर जहाज समुद्रात असतानाच काम होतं. शिवाय सीएफएसचं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, वेगळं चालू. पूर्ण कंटेनर असेल तर फ्री डेज (कंटेनर बिनभाड्याने वापरायचे दिवस) संपल्यावर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर परत द्यायला उशीर झाल्याचा आकार, ते आणखी निराळं, दोन्ही एकच समजू नका. फ्री डेज किती ते बुकिंगलाच विचारून घ्यायचं, आणि मागितले तर कधीकधी जास्तही देतात.

त्यात भर म्हणजे पेटीचं लाकूड. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का लागतो, सोबत एचटी किंवा एमबी लिहिलेलं, म्हणजे लाकूड तापवलंय किंवा धुरी दिलीये, कीड येऊ नये म्हणून. माझ्या पेटीवर काहीच नव्हतं. मग इकडे फ्युमिगेशन, आणखी दिवस. दहा लाखांची मशीन, आणि अडली कशावर तर पाच फळ्यांवर.

इन्शुरन्सचंही सांगतो. सीआयएफमध्ये विकणारा इन्शुरन्स काढतो हे खरं, पण त्याच्यावर बंधन फक्त क्लॉज सी इतकंच, म्हणजे कमीत कमी कव्हर. 25 मे 2025 ला केरळजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज 640 कंटेनरसकट बुडालं, आणि पुढच्याच महिन्यात वान हाय 503 ला आग लागली, ते तर कोलंबोहून आपल्या न्हावा शेव्यालाच येत होतं. अशा वेळी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर झालं तर तुमचा माल शाबूत असूनही वाचवायच्या खर्चातला वाटा भरल्याशिवाय तो हातात येत नाही. म्हणून आता स्वतःची ऑल रिस्क पॉलिसी, क्लॉज ए. प्रीमियम मालाच्या मानाने किरकोळ असतो.

तुमच्या उद्योग पुरवणीत मोठ्या कंपन्यांच्या मुलाखती येतात, येऊ देत, पण हे असलं मराठीत कुठे सापडत नाही, एखाद्या चांगल्या सीएचएकडून चार लेख लिहून घ्या.

माझी दुसरी मशीन पुढच्या महिन्यात निघतेय. या वेळी लोडिंगच्या आधी पेटीच्या चारही बाजूंचे फोटो मागवले, तीन फोटोंत शिक्का दिसतोय, चौथ्यासाठी काल परत मेल टाकलाय.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे