कोआलांसाठी आधी उभी झाडे राखा

महोदय,

कोआलांविषयीची आपल्या अंकातील बातमी वाचली. ऑस्ट्रेलियातील 2019-20 च्या वणव्यांनी अपरिमित हानी केली, हे खरेच. पण बातमी वाचून असे वाटते की आग विझली, रोपे लावली, की प्रश्न सुटला. मी सिडनीच्या नैर्ऋत्येला, कॅम्पबेलटाऊन भागात राहते. इथे वणवा नसतानाही कोआला मरतात. ॲपिन रोडवर गाडीखाली येतात, नाहीतर कुत्र्यांच्या तावडीत सापडतात.

2012 मध्ये न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड आणि राजधानी क्षेत्रातील कोआला 'असुरक्षित' ठरले, 2022 मध्ये 'संकटग्रस्त'. वेळीच पावले उचलली नाहीत तर 2050 पूर्वी न्यू साउथ वेल्स या आमच्या राज्यातून कोआला नामशेष होतील, असे इथल्या विधिमंडळाच्या समितीने 2020 मध्येच बजावले होते. अशा वेळी कॅम्पबेलटाऊनचे महत्त्व मोठे आहे. क्लॅमिडियामुळे इतरत्र कोआला आंधळे आणि वांझ होत असताना इथले कोआला त्या रोगापासून बरेचसे दूर राहिले आहेत.

ते इथे आहेत हे जगाला कळले, त्यात साध्या रहिवाशांचा वाटा फार मोठा आहे. कोणाच्या परसात कोआला दिसला की विद्यापीठातील संशोधकांना फोन जायचा. आता 'आय स्पाय कोआला' या ॲपवर फोटो आणि जागा टाकता येते. कोआला स्वतः सहसा दिसत नाही, म्हणून स्वयंसेवक झाडाच्या बुंध्याशी लेंड्या शोधतात. सर्वेक्षणाच्या एका रूढ पद्धतीत तीस झाडे घेतात आणि प्रत्येकाखाली दोन मिनिटे पाहतात. लेंडी लांबट, खरबरीत असते. मोडली की नीलगिरीच्या तेलाचा वास येतो. ग्रे गम या नीलगिरीच्या जातीच्या गुळगुळीत सालीवर नखांचे ओरखडेही दिसतात. ही नोंद क्षुल्लक समजू नये. नव्या वसाहतीला परवानगी देताना 'इथे कोआला नाहीत' असे कोणी म्हटलेच, तर तिथे उत्तर म्हणून हीच नोंद पुढे करता येते.

आता लागवडीविषयी. नीलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत आणि कोआला त्यांतल्या मोजक्याच आवडीने खातो. इथे तो ग्रे गम पसंत करतो, तेही शेलच्या, म्हणजे मातकट खडकाच्या जमिनीवरचे. तेच झाड निकस वाळूखडकावर असेल तर त्याला तितके रुचत नाही. आणि घरांसाठी सपाट होते ती नेमकी हीच शेलची जमीन! तिथले जुने झाड तोडून दुसरीकडे दहा रोपे लावली तर ती भरपाई कशी म्हणायची? बुशकेअरचे, म्हणजे इथल्या रानाची निगा राखणारे, लोक आफ्रिकन ऑलिव्ह आणि घाणेरी उपटून जुन्या झाडांखाली जागा मोकळी करतात आणि तिथल्याच बियांची रोपे वाढवतात. हे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात उभे झाड राखले जाते.

रस्त्याकडेला मेलेल्या कोआलाच्या अंगावर कधी रंगाची फुली दिसते. कोणीतरी थांबून पोटावरची, पिल्लू वाढवण्याची पिशवी तपासली आहे, आत पिल्लू नाही, अशी ती खूण. अंधारात, धावत्या वाहनांच्या कडेला हे करणारी माणसे पगारी नसतात. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

या भागात घरे घेणारी मराठी कुटुंबे वाढत आहेत, आणि त्यांतली अनेक आपले वृत्तपत्र ऑनलाइन वाचतात. त्यांच्यासाठी एवढे छापावे: संध्याकाळनंतर कुत्रा घरात घ्या, ॲपिन रोडवर वेग कमी ठेवा, कोआला जिवंत दिसो वा मेलेला, नोंद करा. ऑगस्टच्या सुमारास विणीचा हंगाम सुरू होतो आणि नर जोडीदाराच्या शोधात रस्ते ओलांडू लागतात. त्याआधी हे छापून आले तर उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, कॅम्पबेलटाऊन, सिडनी